हालचालीवर चालणारे व्हिडिओ गेम : सोय कुठे, सक्ती कुठे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत हातापायांच्या हालचालींनी खेळायच्या व्हिडिओ गेमविषयी आलेला लेख वाचला. दिवसभर सोफ्यावर बसून राहणाऱ्या मुलांना घरच्या घरी व्यायाम घडवणारे साधन, अशी या गेमची शिफारस लेखकाने केली आहे आणि ऐपत असल्यास पालकांनी असाच कंट्रोलर (गेम चालवण्यासाठी हाती धरायचे साधन) घ्यावा, असेही सुचवले आहे. मी तंत्रनिकेतनात इन्स्ट्रुमेंटेशन शिकवतो, त्यामुळे या कंट्रोलरच्या पोटात जे सेन्सर असतात ते माझ्या रोजच्या विषयातले आहेत. शिवाय गेम खेळण्याची आवडही जुनी आहे. या दोन्ही नात्यांनी लेखाला थोडी जोड द्यावीशी वाटते आणि एका मुद्द्यावर मतभेदही नोंदवायचा आहे.

लेखात ‘मोशन कंट्रोल’ हा एकच एकसंध प्रकार असल्याचे धरून चालले आहे. प्रत्यक्षात खेळाडूने हात किती फिरवला, कोणत्या दिशेला आणि किती वेगाने, हे माप पडद्यावर उतरवणारे गेम निराळे आणि हात नुसता झटकला की ठरलेली एकच क्रिया घडवणारे गेम निराळे. पहिल्या प्रकारात हालचालीमुळे खेळाला असे काही मिळते, जे बटणाने कधीच मिळाले नसते. दुसऱ्या प्रकारात बटणाचे काम हाताच्या गळ्यात मारलेले असते, आणि ते हाताला बटणाइतक्या तत्परतेने व बिनचूकपणे जमत नाही. हा फरक न करता केलेली स्तुती मला जितकी अपुरी वाटते, तितकीच ‘हे सगळे थोतांड आहे’ अशी जुन्या खेळाडूंची तक्रारही अपुरी वाटते.

या तंत्राचा खरा प्रसार निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या ‘वी’ या गेम-यंत्राने केला. त्याआधीही प्रयत्न झाले होते. १९८९ मध्ये मॅटेल कंपनीने निन्टेन्डोच्याच जुन्या यंत्रासाठी ‘पॉवर ग्लव्ह’ नावाचा हातमोजा विकायला काढला होता आणि २००३ मध्ये सोनीने आपल्या प्लेस्टेशन २ या गेम-यंत्रासाठी ‘आयटॉय’ हा कॅमेरा आणला होता. मात्र नोव्हेंबर २००६ मध्ये अमेरिकेत सुमारे २५० डॉलरला विक्रीस आलेल्या वीने जे घडवले ते आधीच्या कोणालाही साधले नव्हते. स्पर्धक कंपन्या अधिक तपशीलवार चित्रे दाखवणारी महागडी यंत्रे बनवण्यात गुंतल्या असताना निन्टेन्डोचे तेव्हाचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी वेगळाच हिशेब मांडला. अंगठ्याने कलवायच्या दोन स्टिक (छोट्या दांड्या) आणि डझनभर बटणे असलेला कंट्रोलर नुसता पाहूनच घरातली निम्मी माणसे मागे सरतात; त्यांच्या हाती टीव्हीच्या रिमोटसारखी दिसणारी, एका हातात मावणारी वस्तू द्यावी, हा तो हिशेब. जपानबाहेर बहुतेक ठिकाणी यंत्रासोबतच मिळणाऱ्या ‘वी स्पोर्ट्‌स’ या गेममधले टेनिस किंवा बोलिंग कोणाला शिकवावे लागत नसे. या यंत्राची विक्री अखेर १० कोटी १६ लाखांवर गेली, तर वी स्पोर्ट्‌सच्या प्रती ८ कोटींहून अधिक झाल्या. अमेरिकेतल्या वृद्धाश्रमांत वी बोलिंगचे सामने भरू लागले. ज्यांनी आयुष्यात कधी गेम खेळला नव्हता असे लोक खेळू लागले, ही या तंत्राची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे आणि पुढे मी जे आक्षेप घेणार आहे त्यांपैकी एकानेही ती खोडली जात नाही.

आता थोडे यंत्राच्या पोटात शिरू, कारण गुणदोषांचे मूळ तिथेच आहे. वीच्या पहिल्या रिमोटमध्ये तीन अक्षांवरचा त्वरणमापक, म्हणजे अ‍ॅक्सेलरोमीटर, आणि पुढच्या टोकाला अवरक्त किरण पाहणारा छोटा कॅमेरा एवढेच होते. अ‍ॅक्सेलरोमीटरची अडचण अशी की गुरुत्वाकर्षण आणि हाताने दिलेला झटका हे दोन्ही त्याला एकाच रूपात जाणवतात. रिमोट तिरपा धरला आहे की बाजूला ढकलला आहे, हे एकट्या त्याच्या आकड्यांवरून खात्रीने सांगता येत नाही. म्हणून पहिल्या काही वर्षांतले पुष्कळसे गेम ‘काहीतरी जोरात हलले’ एवढेच ओळखत. टेनिसमध्ये पूर्ण हात फिरवला काय आणि पलंगावर पडल्या पडल्या मनगट झटकले काय, चेंडू सारखाच परतत असे. हे मुलांना पहिल्याच आठवड्यात कळे आणि मग उभे राहून खेळणारा घरात कोणी उरत नसे. २००९ मध्ये निन्टेन्डोने ‘मोशनप्लस’ नावाचा जोड-भाग काढला. त्यात जायरोस्कोप होता, म्हणजे रिमोट कोणत्या अक्षाभोवती किती वेगाने वळतो आहे हे तो मोजत असे, आणि तेव्हा कुठे हाताची वळणे पडद्यावर बऱ्यापैकी विश्वासाने उतरू लागली. अर्थात जायरोस्कोपलाही स्वतःचा दोष आहेच. तो कोन मोजत नाही, कोन बदलण्याचा वेग मोजतो. त्या वेगाची बेरीज करत कोन काढावा लागतो आणि प्रत्येक बेरजेत किंचित चूक साठत जाते. त्यामुळे थोड्या थोड्या वेळाने ‘रिमोट स्थिर ठेवा’ किंवा ‘मध्यावर आणा’ अशा सूचना येतात, त्यांचा खेळाडूंना कंटाळा येतो आणि तो रास्तच आहे.

(जाता जाता एक गंमत सांगतो. वीसोबत मिळणाऱ्या, टीव्हीवर ठेवायच्या पट्टीला ‘सेन्सर बार’ म्हणत असले तरी तिच्यात सेन्सर नसतोच. दोन टोकांना अवरक्त प्रकाश देणारे दिवे तेवढे असतात आणि त्यांना पाहण्याचे काम रिमोटमधला कॅमेरा करतो. पट्टी बिघडल्यावर टीव्हीपुढे काही अंतरावर दोन मेणबत्त्या लावून खेळणारे लोक होते आणि त्यांचा खेळ व्यवस्थित चालत असे.)

हात झटकून बटणाचे काम करवून घेणाऱ्या गेमविषयी वेगळा निवाडा देण्याची गरज नाही. तो कंपन्यांनी स्वतःच दिला आहे. २०१० च्या ‘डाँकी काँग कंट्री रिटर्न्स’मध्ये गडगडत पुढे जाण्यासाठी रिमोट हलवावा लागे. उडी अचूक क्षणी मारायची असताना हा झटका कधी ओळखला जाई, तर कधी नाही. २०१३ मध्ये हाच गेम हातात धरायच्या ३डीएस यंत्रावर आला तेव्हा ते काम बटणाकडे गेले आणि गेम खेळायला सरळ झाला. ‘सुपर मारिओ गॅलक्सी’ हा २००७ चा अत्यंत नावाजलेला गेम. त्यातली मारिओची गिरकी हात झटकून घ्यावी लागत असे, २०२० च्या आवृत्तीत ती बटणानेही घेता येऊ लागली. सोनीचे उदाहरण याहून बोलके आहे. २००७ मध्ये प्लेस्टेशन ३ साठी आलेल्या ‘लेअर’ या गेममध्ये ड्रॅगन उडवण्यासाठी कंट्रोलर तिरपा करण्यावाचून दुसरा मार्गच ठेवला नव्हता. त्यावर टीका झाली आणि पुढच्या वर्षी स्टिकने खेळण्याची सोय देणारी दुरुस्ती कंपनीला काढावी लागली. हालचालीचा अट्टहास सुटल्यावर या गेममधले काहीही उणे झाले नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

याच्या उलट बाजूला ‘झेल्डा’ मालिकेतला २०११ चा ‘स्कायवर्ड स्वोर्ड’ ठेवावा लागेल. मोशनप्लसशिवाय तो चालतच नसे. त्यातले शत्रू ढाल किंवा हत्यार एका बाजूला धरून उभे राहतात आणि उघड्या बाजूनेच तलवार चालवावी लागते. एका वनस्पतीचा जबडा कधी आडवा उघडतो, कधी उभा, आणि त्याच रेषेत घाव घातला तर तो लागतो. इथे हाताची दिशा हाच खेळाचा प्रश्न आहे आणि उत्तरही तेच आहे. हा गेम मला आवडतो. तरीही मोशन कंट्रोलची मर्यादा याच गेममध्ये सर्वांत ठळकपणे दिसते, हेही मान्य केले पाहिजे. पडद्यावर तलवार ढालीवर आदळून थांबते, पण खेळाडूचा हात हवेत तसाच पुढे जातो. रिमोट थरथरतो खरा, पण थरथर म्हणजे प्रतिकार नव्हे. क्षणभर हात एकीकडे आणि तलवार दुसरीकडे अशी स्थिती होते, आणि वार करण्यासाठी आधी हात उलट दिशेला नेला तर यंत्र कधी कधी त्यालाच वार समजते. २०२१ मध्ये निन्टेन्डोच्या ‘स्विच’ या नव्या यंत्रासाठी हा गेम पुन्हा आला तेव्हा उजव्या स्टिकने तलवार फिरवण्याचा पर्याय देण्यात आला. बरेच जण आता तसाच खेळतात. दोन्ही प्रकार शेजारी शेजारी असल्यामुळे कोणाचे काहीच बिघडले नाही.

कॅमेऱ्यावर चालणारा मायक्रोसॉफ्टचा ‘किनेक्ट’ हा आपल्या लेखातला आदर्श आहे, म्हणून त्याच्याविषयी थोडे अधिक लिहितो. नोव्हेंबर २०१० मध्ये तो आला आणि पहिल्या ६० दिवसांत त्याचे ८० लाख नग विकले गेले. खोलीभर अवरक्त ठिपक्यांचे जाळे पसरून माणसाचे अंतर मोजण्याचे त्याचे तंत्र इस्रायलच्या प्राइमसेन्स या कंपनीचे होते आणि तांत्रिकदृष्ट्या ते खरोखरच देखणे काम होते. हातात काहीच धरायचे नाही, आपण स्वतःच कंट्रोलर, ही कल्पना ऐकायला मोहक आहे. परंतु हातात काही नाही म्हणजे बटणही नाही. चालायचे कसे, थांबायचे कसे, एखादी वस्तू पकडून सोडायची कशी, हे सगळे हवेतल्या खुणांवर आले. शिवाय कॅमेरा सेकंदाला ३० चित्रे घेतो, म्हणजे दोन चित्रांत ३३ मिलिसेकंदांचे अंतर. त्यात शरीराचे सांधे ओळखण्याचा आणि टीव्हीपर्यंत चित्र पोहोचण्याचा वेळ मिळवला की हात आणि पडद्यावरची आकृती यांच्यातला उशीर डोळ्यांना जाणवू लागतो. नाचाच्या गेममध्ये हे खपून जाते, कारण पुढची पायरी आधीच दिसत असते. क्षणात प्रतिसाद मागणाऱ्या गेममध्ये ते खपत नाही.

त्यात जागेचा प्रश्न येतो. एका खेळाडूला किनेक्टपासून सुमारे ६ फूट आणि दोघांना ८ फूट मागे उभे राहावे लागे, मधली जमीन मोकळी हवी आणि हात पसरता येतील एवढी रुंदीही हवी. डोंबिवली-विरारच्या वन रूम किचनमध्ये टीव्ही आणि दिवाण यांच्यात किती अंतर असते ते वाचकांना ठाऊक आहे. आपल्या लेखात या बाबीचा उल्लेखही नाही, आणि शिफारस मात्र शहरी मध्यमवर्गीय पालकांनाच उद्देशून आहे! अमेरिकेतली मोठी दिवाणखाना-संस्कृती गृहीत धरून बनवलेले यंत्र तिथेही सर्वांच्या घरात मावले नाही. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स वन या गेम-यंत्रासोबत किनेक्ट घेणे सक्तीचे केल्यामुळे त्या यंत्राची किंमत ४९९ डॉलर झाली, तर प्लेस्टेशन ४ ची ३९९ होती. घरात सतत ऐकणारा कॅमेरा नको, ही तक्रार वेगळीच. पुढच्याच वर्षी कंपनीने किनेक्टविना ३९९ डॉलरला यंत्र देऊ केले आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये किनेक्टचे उत्पादन थांबल्याचे जाहीर झाले. त्याचे तंत्र मात्र वाया गेले नाही. हात निर्जंतुक ठेवावे लागतात अशा शस्त्रक्रियागृहांत, कशालाही न शिवता स्कॅन चाळण्यासाठी त्याचा उपयोग करून पाहण्यात आला आणि प्राइमसेन्स कंपनी २०१३ मध्ये ॲपलने विकत घेतली. जिथे स्पर्श न करणे हीच गरज आहे, तिथे ते योग्य ठरले.

आता ज्या मुद्द्यावर माझा मतभेद आहे तो, म्हणजे व्यायाम. हलणारा गेम म्हणजे हलणारे मूल, हे समीकरण वरवर पटते. २०१२ मध्ये ‘पेडिॲट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ९ ते १२ वर्षांच्या मुलांना वी यंत्रे दिली. काहींना हालचालीचे गेम, काहींना बसून खेळायचे. ही मुले १३ आठवडे आपापल्या घरी, कोणाच्याही सक्तीशिवाय खेळली आणि त्यांची प्रत्यक्ष हालचाल अंगावर बांधलेल्या अ‍ॅक्सेलरोमीटरनेच मोजली गेली. दोन्ही गटांच्या शारीरिक हालचालीत फरक आढळला नाही. याचा अर्थ या गेममध्ये घाम येतच नाही असा नाही. नुसता गेम घरात आणून ठेवल्याने मूल आठवडाभरात एकूण जास्त हलेल असे गृहीत धरता येत नाही, एवढाच आहे. मनगटाचा झटका पुरतो हे कळले की मूल मनगटच झटकणार. त्यात मुलाला दोष देण्याचे कारण नाही.

पक्षाघातानंतरच्या उपचारांबाबतही अशीच सावधगिरी हवी. ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, चार देशांतल्या १४१ रुग्णांवरील चाचणीत नेहमीच्या उपचारांना जोड म्हणून एका गटाला वीवरचे गेम दिले आणि दुसऱ्याला पत्ते, बिंगो, चेंडू असे साधे खेळ. हाताची सुधारणा दोन्ही गटांत झाली, पण वीच्या गटात ती अधिक झाली असे दिसले नाही. माझ्या दृष्टीने ही वाईट बातमी नाही. आवडीने आणि पुनःपुन्हा हात वापरला जाणे महत्त्वाचे आणि त्यासाठी पत्त्यांचा जोडही चालतो, हे ज्या घरात महागडे यंत्र परवडत नाही तिथे मोठे दिलासादायक आहे.

दुखापतींविषयी फार बाऊ करू नये, पण अनुल्लेखही नको. २००७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ला एका स्पॅनिश डॉक्टरने (तेही संपादकांना पत्र लिहूनच) कळवले की, वीवर कित्येक तास टेनिस खेळल्यावर दुसऱ्या दिवशी उजव्या खांद्यात तीव्र वेदना घेऊन जागा झालेला २९ वर्षांचा रुग्ण तो स्वतःच होता. निदान खांद्याच्या एका स्नायूच्या कंडरेचा दाह; उपचार एक आठवडा वेदनाशामक गोळ्या आणि वीपासून पूर्ण विश्रांती. खऱ्या मैदानावर रॅकेटचे वजन आणि लागणारा दम माणसाला वेळीच थांबवतात. पडद्यासमोर तसे थांबवणारे काही नसते. रिमोट हातातून निसटून टीव्ही फुटण्याचे प्रकारही पहिल्याच महिन्यात इतके झाले की, डिसेंबर २००६ मध्ये कंपनीने मनगटाला बांधायच्या सुमारे ३२ लाख दोऱ्या बदलून देण्याची तयारी दाखवली आणि दोरीची जाडी ०.६ मिलिमीटरवरून १ मिलिमीटर केली.

व्यायामासाठीच घ्यायचे असेल तर ज्यात शरीराला खरा प्रतिकार किंवा भार मिळतो अशी साधने पाहावीत. २००७ च्या ‘वी फिट’सोबत येणारा बॅलन्स बोर्ड चार कोपऱ्यांतल्या भार-सेन्सरवर उभा होता आणि वजन कोणत्या पायावर किती झुकले आहे ते दाखवत असे. २०१९ च्या ‘रिंग फिट ॲडव्हेंचर’मधली लवचिक कडी दाबताना आणि ताणताना स्नायूंना खरोखर जोर लावावा लागतो आणि तो जोर तिच्यातला ताण-सेन्सर मोजतो. आमच्या प्रयोगशाळेत विद्यार्थी ज्या तत्त्वावर स्ट्रेन गेज जोडतात तेच तत्त्व इथे खेळण्यात आहे, याचे मला कौतुक वाटते. खालच्या मजल्यावरच्यांना त्रास नको म्हणून धावण्याऐवजी गुडघे वाकवून खेळण्याचा शांत पर्यायही त्यात दिला आहे. मात्र स्विच यंत्राची भारतात कंपनीकडून अधिकृत विक्री झालेली नाही, ते आयात करणाऱ्या दुकानदाराकडून घ्यावे लागते आणि बिघाड झाल्यास दाद कोणाकडे मागायची हा प्रश्न उरतो. पालकांना शिफारस करताना हेही सांगायला हवे होते.

लेखात सर्वांत मोठी गोष्ट सुटली आहे ती म्हणजे, महाराष्ट्रातली बहुसंख्य मुले मोशन कंट्रोल वापरतात ते दिवाणखान्यात नव्हे, खिशातल्या फोनवर. २०११ मध्ये आलेल्या ‘टेम्पल रन’मध्ये फोन तिरपा करून नाणी गोळा करण्यापासून याची सुरुवात धरता येईल. (एसटीच्या घाटातल्या प्रवासात हा गेम खेळून पाहावा. गाडी वळणावर आली की अ‍ॅक्सेलरोमीटरला वाटते खेळाडूनेच फोन कलंडला आहे. वर सांगितलेला दोष समजावून देण्यासाठी मी वर्गात हेच उदाहरण देतो.) आज ‘बीजीएमआय’ (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) या बंदुकांच्या लढाईच्या गेमसारख्या गेममध्ये निष्णात खेळाडू ‘जायरो ऑलवेज ऑन’, म्हणजे जायरोस्कोप सतत चालू, ठेवून खेळतात आणि इथे मोशन कंट्रोलची उपयुक्तता निर्विवाद आहे. काचेवर खरी बटणे नसतात, दोनच अंगठ्यांनी चालणे, नेम धरणे आणि गोळी झाडणे सगळे करावे लागते, आणि अंगठा ठेवला की पडद्याचा तेवढा भाग झाकला जातो. जायरो चालू असेल तर बंदुकीचा धक्का फोन किंचित खाली कलवून सावरता येतो आणि अंगठे मोकळे राहतात. त्यातही महत्त्वाची गोष्ट ही की, हात जेवढा वळला त्या पटीतच नेम वळतो आणि हात थांबला की थांबतो. स्टिकचे तसे नाही. स्टिक किती झुकवली यावर नेम सरकण्याचा वेग ठरतो, म्हणून तो नेमका थांबवण्यासाठी स्टिक योग्य क्षणी मध्यावर आणावी लागते. मोटार स्टॉपसमोर अचूक उभी करावी तसे ते कौशल्य आहे. २०१५ च्या ‘स्प्लॅटून’ने घरच्या यंत्रावरही जायरोचा नेम किती सहज असू शकतो ते दाखवले. सोनीच्या कंट्रोलरमध्ये जायरोस्कोप असतो. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स कंट्रोलरमध्ये तो आजही नाही, हे मला अनाकलनीय वाटते. हाताला अगदी थोडे हलवणारा, कोणाला लांबून दिसणारही नाही असा हा मोशन कंट्रोल आहे आणि माझ्या मते सर्वांत यशस्वीही तोच आहे. व्यायाम त्याने होत नाही, हेही खरेच.

पण याच ठिकाणी विषमताही शिरते. कमी किमतीच्या अनेक फोनमध्ये जायरोस्कोप बसवलेलाच नसतो. फक्त अ‍ॅक्सेलरोमीटर असतो. त्या फोनवर गेम चालतो, पण समोरच्याकडे जी सोय आहे ती आपल्याकडे नाही, हे मुलाला कळतही नाही. बक्षिसांच्या स्पर्धेत उतरणाऱ्या तरुणांनी, आणि त्यांना फोन घेऊन देणाऱ्या पालकांनी, कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल पाहण्याआधी सेन्सरची यादी पाहावी.

राहता राहिला सक्तीचा प्रश्न, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. २००६ च्या ‘ट्वायलाइट प्रिन्सेस’मध्ये एक चमत्कारिक गोष्ट झाली. त्या मालिकेचा नायक डावखुरा; पण बहुतेक खेळाडू रिमोट उजव्या हाताने फिरवणार म्हणून वीच्या आवृत्तीत गेमचे संपूर्ण जगच आरशातल्यासारखे उलटे करण्यात आले. पूर्वेचे पश्चिमेला गेले आणि नायक उजवा झाला. बहुसंख्यांची सोय करण्यासाठी इतका खटाटोप झाला, आणि डावखुऱ्या खेळाडूला मात्र त्याचा हात वापरायचा पर्याय मिळाला नाही. बटणाला डावे-उजवे नसते असे नाही, पण बटणांची कामे अदलाबदल करता येतात. स्विचवर एप्रिल २०२० पासून यंत्राच्याच सेटिंगमध्ये ती सोय आहे. हालचालीच्या बाबतीत तशी सोय क्वचितच दिसते. २०१८ च्या ‘पोकेमॉन लेट्स गो’मध्ये टीव्हीवर खेळताना चेंडू फेकण्यासाठी हात फिरवावाच लागे, यंत्र हातात धरून खेळले तरच बटणाने काम होई. ज्याच्या हाताला कंप आहे, ज्याचा खांदा वर उचलत नाही, जो चाकाच्या खुर्चीत बसून खेळतो, त्याच्यासाठी असा गेम बंद दारच आहे. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने अपंग खेळाडूंसाठी, मोठ्या बटणांचा आणि बाहेरून हवी ती जादा बटणे किंवा स्विच जोडता येणारा ‘अडॅप्टिव्ह कंट्रोलर’ आणला. मात्र गेमनेच हात उंचावण्याची अट घातली असेल, तर बाहेरून कितीही स्विच जोडले तरी उपयोग नाही. उलट, बोटांत बारीक बटणे दाबण्याची ताकद नाही पण हात फिरतो, अशा माणसाला मोशन कंट्रोल हाच आधार असतो. त्यामुळे तो काढून टाका, असे कोणी म्हणत असेल तर त्यालाही माझा विरोध राहील.

आपल्या पुरवणीत गेमची परीक्षणे अधूनमधून छापली जातात, याचा मला आनंद आहे. मराठीत या विषयावर गंभीरपणे लिहिणारी जागा फार कमी आहे. एक विनंती करावीशी वाटते. परीक्षणाखाली किंमत आणि वयोगट छापता, तिथेच आणखी तीन नोंदी असाव्यात : हालचालीचे नियंत्रण बंद करता येते का, बसून खेळता येते का आणि किती फूट मोकळी जागा लागते. फोनवरचा गेम असेल तर जायरोस्कोप नसलेल्या फोनवर खेळाडू कितपत मागे पडतो, ही चौथी नोंदही करता येईल. या बाबी परीक्षकाला गेम खेळताना कळतातच, त्यासाठी वेगळे कष्ट पडणार नाहीत आणि जागाही दोन ओळींहून अधिक लागणार नाही.

कळावे,
आपला,
एक नियमित वाचक, ठाणे